एक टेबलक्लॉथ, तीन भावंडं आणि शाईच्या डागाच्या दोन गोष्टी: एका घरच्या ठेव्याचं स्क्रॅपबुक

हे प्रकरण तीन भावंडांचं आहे. वडील आधीच गेलेले, मग आई गेली, घर रिकामं करायची वेळ आली आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक पेटी खाली आली. धाकटी माझी मैत्रीण, मी जुन्या फोटोंची-कागदांची स्क्रॅपबुकं करते हे तिला माहीत होतं म्हणून तिने मला बोलावलं. नावं देत नाहीये, थोरला, मधली, धाकटी एवढंच म्हणते, आणि चौथी व्यक्ती म्हणजे मावशी, आईची पाठची बहीण, वय ऐंशीच्या पुढे. त्या घराचं जुनं काही माहीत असलेली ती एकटीच उरलीय. तिघांना विचारूनच लिहितेय.

पेटीत काय होतं ते आधी सांगते. वडिलांचं घड्याळांच्या दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे त्यांचं डोळ्याला लावायचं भिंग, दुरुस्तीची वही, आणि त्यांचं स्वतःचं चावीचं मनगटी घड्याळ. आईने मावशीला लिहिलेली पत्रं (मावशीनेच कधीतरी परत आणून दिलेली), रबरबँडने बांधलेली. बारीक दातेरी कडांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, सुटे. एक चिकट पानांचा अल्बम, त्यात रंगीत फोटो. वर्तमानपत्राचं एक कात्रण, तपकिरी पडलेलं, दुमडीवर तुटलेलं. दोन कॅसेट. आणि सगळ्यात खाली आईने भरलेला टेबलक्लॉथ, चारी बाजूंनी वेलपत्ती, एका कोपऱ्यात शाईचा डाग.

भांडण टेबलक्लॉथवरून होतं. भांडण म्हणजे आरडाओरडा नाही, तिघंही समंजस आहेत, पण तिघांनाही तो हवा होता. थोरला म्हणाला सरळ तीन तुकडे करू आणि फ्रेम करून घेऊ. मधली म्हणाली आधी धुऊन डाग काढू, मग सगळंच एका जाडजूड वहीत चिकटवू, पत्रं, फोटो, कापडाचा एक तुकडा, सगळं, आणि कागद लॅमिनेट करून टाकू म्हणजे कटकट नको. धाकटीला यातलं काहीच पटत नव्हतं पण का पटत नाही ते तिला सांगता येत नव्हतं.

माझं मत मी पहिल्याच बैठकीत सांगितलं आणि पुढचं सगळं काम त्याच मतावर उभं राहिलं. वस्तू जपणं आणि वस्तूची आठवण जपणं ही दोन वेगळी कामं आहेत. वस्तूला अंधार, कोरडी हवा आणि कमीत कमी हाताळणी हवी असते. आठवणीला बरोबर उलटं, ती सारखी उघडली पाहिजे, दाखवली पाहिजे, पोरांच्या हातात गेली पाहिजे. एकाच वहीत दोन्ही कोंबलं की दोन्हीचं नुकसान. म्हणून स्क्रॅपबुकात कॉपी आणि गोष्ट, मूळ वस्तू वेगळ्या पेटीत. आणि खरं सांगायचं तर दोघांपैकी आधी मरते ती गोष्ट. कापड नीट ठेवलं तर शंभर वर्षं टिकेल, पण कोपऱ्यातल्या त्या डागाबद्दल मावशीला काय माहितीये ते मावशीसोबत जाईल, आणि मग पुढच्या पिढीच्या लेखी तो फक्त एक डागाळलेला टेबलक्लॉथ, आवराआवरीत पहिला बाहेर जाणारा.

म्हणून कात्री, साबण, गोंद, लॅमिनेशन सगळं थांबवलं. लॅमिनेशनबद्दल थोडं जास्त बोलते कारण लोक ते अगदी प्रेमाने करतात. उष्णता आणि दाबाने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, नंतर काढता येत नाही, आणि कागदातलं ॲसिड आतल्या आत कागदाला खातच राहतं. सेलोटेपचं तेच, टेप सुटून पडते पण तिचा चिकट पदार्थ कागदात मुरून पिवळा-तपकिरी पट्टा सोडून जातो. माझा साधा नियम आहे, जे उद्या उलटं करता येणार नाही ते मूळ वस्तूवर करायचं नाही. फोटोला कोपरे लावले तर फोटो काढता येतो, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने जपानी कागदाची छोटी बिजागरी लावली तर ती पाण्याने सुटते, पण गोंदाने चिकटवलं की संपलं.

आधी मावशी

फोटो नंतरही स्कॅन होतील, मावशीचं ऐकणं नंतर होईलच असं नाही, म्हणून सुरुवात तिथून. तिला "जुन्या आठवणी सांगा" असं एकदाही म्हणायचं नाही हे मी तिघांना बजावलं होतं, कारण या प्रश्नाला माणूस नेहमीची दोन-चार घासून गुळगुळीत झालेली वाक्यं सांगतो आणि थांबतो. त्याऐवजी एका वेळी एकच वस्तू तिच्या हातात द्यायची. मग बारीक प्रश्न. हे घरात कुठं असायचं? कुणाला हात लावायची परवानगी नव्हती? याचा आवाज कसा यायचा? हे रोजचं की ठेवणीतलं? फोन फ्लाइट मोडवर टाकून रेकॉर्डिंग चालू, बसणं छोटं, ती थकली की बंद. आणि सगळ्यात अवघड नियम, मध्ये कुणी दुरुस्ती करायची नाही. ती साल चुकली, नाव चुकलं, तरी बोलू द्यायचं, तुमचं म्हणणं वेगळं लिहा.

भिंग हातात दिल्यावर ती बराच वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, "भाऊजी हे लावलेलं असताना कुणी हाक मारली तर मान वर करायचे नाहीत, बोट वर करायचे." तिघांपैकी कुणालाच हे आठवत नव्हतं, आणि ऐकल्यावर तिघांनाही आठवलं. थोरल्याने तर ते बोट करूनच दाखवलं.

टेबलक्लॉथवर मात्र गंमत झाली. मावशीची गोष्ट अशी: नवीन दुकान सुरू व्हायच्या आदल्या रात्री भाऊजी टेबलावर बसून दुरुस्तीच्या वहीचं पहिलं पान आखत होते, दौत कलंडली, ताईने ते कापड कितीतरी महिने बसून भरलेलं, ती बोलायचीच बंद झाली, आणि मग एका दुपारी हिरवा दोरा घेऊन तिने डागाच्या भोवती एक पान भरून टाकलं, डाग पानाच्या पोटात. थोरला ऐकत होता, नियम विसरून मध्येच म्हणाला, "मावशी, नाही गं, ती शाई मी सांडली. पेनात भरत होतो, शाळेत होतो मी. आई रागावली नाही, म्हणाली आता इथं एक पान येईल." मावशी म्हणाली, "तू तेव्हा झालाही नव्हतास." खोलीत शांतता. त्याच्यासाठी ही साधी गोष्ट नव्हती, आई रागावली नाही ही त्याच्या लहानपणाची मोठी जमा होती, आणि समोर बसलेली बाई सांगतेय की ते घडलंच नाही.

आता पुरावा बघायचा म्हटला तर वहीच्या पहिल्या पानावर खालच्या कोपऱ्यात निळा ठिपका आहे, पण घड्याळवाल्याच्या वहीत शाईचा ठिपका कुठूनही येऊ शकतो, त्यावरून काही सिद्ध होत नाही. मधलीला निकाल हवा होता, कुणाचं खरं ते ठरवून एकच लिहू. मी म्हटलं निकाल नको. दोन्ही लिहू, कुणी सांगितलं आणि कधी सांगितलं यासकट. घरच्या आठवणी कोर्टात टिकायच्या नसतात, त्या कुणाच्या आहेत हे कळलं म्हणजे पुरतं. उलट एकच गोष्ट गुळगुळीत करून लिहिली की वीस वर्षांनी वाचणाऱ्याला वाटतं हेच आणि एवढंच घडलं. या एका निर्णयाने पुस्तकाचा सूर बदलला, त्यानंतर प्रत्येक पानावर "कोण सांगतंय" ही ओळ आली.

कागद आणि फोटो

रबरबँड पहिल्यांदा काढला. रबरात गंधक असतं, ते चांदीला काळं करतं, आणि ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे शेवटी चांदीच, कागदावर बसलेले चांदीचे अतिसूक्ष्म कण. यांच्या काही फोटोंच्या कडांना गडद भागात निळसर आरशासारखी चमक आली होती, तीही चांदी पृष्ठभागावर आल्याचीच खूण, ती पुसायला जायचं नाही. गंजलेल्या टाचण्या आणि क्लिपा काढल्या. फोटो फक्त कडांनी धरायचे, हात धुऊन कोरडे करून.

पत्रं जुन्या गडद शाईची, काळ्याची तपकिरी झालेली. अशी शाई बऱ्याचदा लोखंड आणि मायफळापासून केलेली असते, तिच्यातलं ॲसिड हळूहळू कागद जाळतं, काही ठिकाणी अक्षरांच्या जागी भोकं पडतात. अशा पत्राला पाणी लावायचं नाही, ओलं करून सुरकुत्या काढायच्या नाहीत, इस्त्री तर नाहीच. उलगडून, स्कॅन करून, ॲसिड-फ्री फोल्डरमध्ये शक्य तितकी सपाट ठेवली.

कात्रणाचं मूळ मी पुस्तकात येऊ दिलं नाही. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठ ठेवणारं द्रव्य, काढलेलं नसतं, उजेड आणि हवा लागली की पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि त्याचं ॲसिड शेजारच्या वस्तूत उतरतं. चिंध्यांचा कागद जाऊन लाकडाचा आला तो १९ व्या शतकाच्या मध्यापासून, म्हणूनच त्याआधीची कितीतरी पुस्तकं आजही पांढरी आणि आपल्या घरची अलीकडची कात्रणं चहाच्या रंगाची. कात्रणाचा स्कॅन ॲसिड-फ्री कागदावर छापला, मूळ वेगळ्या पाकिटात.

चिकट अल्बम सगळ्यात त्रासदायक. पानावर चिकट पट्टे, वरून प्लास्टिकची झाकणी, गोंद नको की कोपरे नकोत, म्हणून एके काळी घरोघरी हेच अल्बम होते. गोंदाचा त्रास वाचवायची ही इच्छा जुनीच आहे म्हणा, मार्क ट्वेनने १८७३ साली आपोआप चिकटणाऱ्या स्क्रॅपबुकाचं पेटंट घेतलं होतं, त्यात पानांवर आधीच गोंदाचे पट्टे असत, ते ओले करून कागद लावायचा. पण या अल्बममधला चिकट पदार्थ वर्षानुवर्षं पिवळा होत फोटोच्या पाठीत शिरतो. काही जागी पूर्ण घट्ट, काही जागी सुटलेला.

धाकटीला मी पद्धत दाखवली आणि मग तिनेच बहुतेक पानं केली. आधी प्रत्येक पान जसंच्या तसं, प्लास्टिक उचलून, फोटो काढून ठेवायचं, कारण कोणता फोटो कुणाशेजारी लावला होता हीसुद्धा आईने केलेली निवड आहे. मग दात साफ करायचा धागा, डेंटल फ्लॉस, बिनावासाचा आणि मेण नसलेला, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवायचा आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखा हळूहळू पुढे न्यायचा. फोटो वाकवायचा नाही, पान वाकवायचं. जिथं धागा अडला तिथं थांबायचं, दुसऱ्या कोपऱ्यातून यायचं. तरीही नाही सुटला तर सोडून द्यायचा, पानाचा तेवढा भाग फोटोसकट कापून ठेवायचा, फाडण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एका फोटोच्या मागे आईच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं निघालं, "पहिला पगार, धाकटीचा." फोटोत फक्त एक छत्री घेतलेली मुलगी आहे. तिला स्वतःलाच माहीत नव्हतं की तो फोटो त्यासाठी काढला होता.

रंगीत फोटोंबद्दल एक गोष्ट सगळ्यांना सांगावीशी वाटते. त्या काळातले बरेच रंगीत प्रिंट अंधारातसुद्धा उडतात, रंग रासायनिकच तसे असतात, निळसर रंग आधी जातो म्हणून फोटो लालसर दिसायला लागतो. म्हणजे कपाटात ठेवलेत म्हणून सुरक्षित आहेत असं नाही. ब्लॅक अँड व्हाइट थांबू शकतात, रंगीत आधी स्कॅन करा.

स्कॅन कसे केले तेही सांगते. पत्रं ३०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके), छोटे फोटो ६०० ला. हिशोब सोपा आहे, ३ बाय २ इंचाचा फोटो ६०० ला स्कॅन केला की १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात, ते ३०० ने छापले की ६ बाय ४ इंचाचा स्वच्छ प्रिंट. त्याहून छोट्यांना १२००. मूळ फाइल टिफ या प्रकारात ठेवायची, आकाराने मोठी पण पूर्ण, आणि छोटी जेपीजी पाठवापाठवीसाठी, कारण जेपीजी दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी बिघडते. रंग सुधारायचे तर कॉपीवर. फोटोच्या मागची बाजूही स्कॅन, तिथं काही लिहिलेलं असो, स्टुडिओचा शिक्का असो.

ज्या वस्तू पानावर बसत नाहीत

घड्याळाला थोरल्याने उघडून साफ करायचं ठरवलं होतं, वडिलांच्याच हत्यारांनी. भावना समजते, पण डायलवरच्या आकड्यांवर जुना पिवळट हिरवा रंग होता. १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी खरंखुरं रेडियम वापरलं जायचं. चमक केव्हाच संपते कारण त्यातलं जस्ताचं संयुग झिजतं, रेडियम मात्र संपत नाही, त्याचं अर्धं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. बंद घड्याळ पेटीत ठेवणं ठीक, पण काच काढणं, तो रंग खरवडणं, त्याची पूड श्वासात जाणं हे धोक्याचं. या घड्याळात रेडियमच आहे असं धरून चाललो. उघडलं नाही, रोज मनगटावर घालायचंही नाही असं ठरलं. खिडकीजवळच्या मंद उजेडात समोरून, मागून आणि चावीच्या बाजूने फोटो काढले, फ्लॅश नाही, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे पुढे बघणाऱ्याला आकार कळेल. पानावर घड्याळाचा फोटो खऱ्या आकाराएवढा छापला. हे मी नेहमी करते, खऱ्या मापाचा फोटो असला की लोक नकळत त्यावर आपलं मनगट ठेवून बघतात.

वहीचं एकही पान काढलं नाही. मधलीला एक मूळ पान पुस्तकात हवंच होतं, पण सलग नोंदींची वही ही सलगच वही असते, एक पान गेलं की शिवणही सैल. वहीत प्रत्येक घड्याळासमोर आजार लिहिलाय, "चावी फिरते, जीव नाही", "पाणी गेले", "पडले, सांगत नाहीत". त्यातली तीन पानं कॉपी करून घेतली आणि खाली मावशीचं बोटाचं वाक्य.

टेबलक्लॉथ धुतला नाही. जुनी शाई पाण्याने पसरू शकते, आणि तो डाग म्हणजेच तर गोष्ट. घडी घालून ठेवलं की घडीच्या रेषेवर धागे तुटतात, म्हणून ॲसिड-फ्री टिश्यू गुंडाळलेल्या रुंद नळीवर, भरतकामाची बाजू बाहेर ठेवून, सैलसर गुंडाळला, वरून धुतलेलं साधं सुती कापड. फोटो दोन प्रकारे काढले. एक बरोबर वरून, पूर्ण. दुसरा फक्त त्या कोपऱ्याचा, खोली अंधारी करून बाजूने टॉर्चचा तिरका उजेड टाकून. तिरक्या उजेडात प्रत्येक टाका उभा राहतो. आणि मग सगळ्यांनी पहिल्यांदाच नीट बघितलं: बाकीच्या वेलीची पानं सारखी, बदामी आकाराची, घट्ट टाक्यांची. हे एक पान जवळजवळ दीडपट मोठं, दोरा किंचित पिवळसर हिरवा, आणि टाके मधूनमधून लांब, म्हणजे हात घाईत किंवा रागात असावा असे, किंवा फक्त दोरा पुरवायचा असावा. पानाच्या शिरेच्या जागी शाईची निळसर राखाडी कड दिसते. तिने डाग झाकला नाही, त्याला शीर करून टाकलं. मधली, जी धुवायला निघाली होती, ती या फोटोवरून हलेना.

पुस्तक कसं बांधलं

स्क्रू काढून पानं वाढवता येतील असा अल्बम घेतला. पानं ॲसिड-फ्री आणि लिग्निन-फ्री. ॲसिड-फ्री हा शब्द आता कशावरही छापतात, म्हणून फोटोजवळ येणाऱ्या गोष्टींसाठी मी पीएटी, म्हणजे फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट पास आहे का ते बघते. आयएसओ १८९१६ हे त्याचं मानक, त्यात तो कागद किंवा गोंद फोटोसारख्या संवेदनशील थरांना टेकवून ७० अंश सेल्सिअस आणि ८६ टक्के आर्द्रतेत १५ दिवस ठेवतात आणि डाग पडतो का, रंग उडतो का बघतात. प्लास्टिकची पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसी नाही, नव्या पडद्यासारखा उग्र वास येतो ते पीव्हीसी. लिहायला पिगमेंट शाईचं पेन, बॉलपेन किंवा जेल नाही. मूळ फोटोंच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने, आणि नंतरच्या काळातल्या प्लास्टिकचा थर असलेल्या फोटोंवर पेन्सिल उमटत नाही तिथं फोटोसाठीचं पिगमेंट पेन.

सजावटीबद्दल मधलीशी माझं जमलं नाही थोडा वेळ. तिच्याकडे ग्लिटर, रिबनी, धातूची फुलं, खरी वाळवलेली फुलं सगळं तयार होतं. धातू गंजतो, फुलांत ओल आणि किडे येतात, ग्लिटर शेजारच्या फोटोवर ओरखडे काढतं, ही झाली कारणं, पण माझं खरं म्हणणं वेगळं होतं, त्या एका वेड्यावाकड्या पानासमोर विकतचं फूल कशाला? शेवटी आईच्या वेलीचीच नक्षी ट्रेस करून तिने प्रत्येक भागाच्या पहिल्या पानावर पेन्सिलने काढली, आणि ते फार सुंदर झालं.

टेबलक्लॉथच्या पानाची जोडी अशी आहे. डावीकडे पूर्ण कापड. उजवीकडे तिरक्या उजेडातलं पान, मोठं. त्याखाली दोन रकाने. एकात मावशीचं बोलणं तिच्याच शब्दांत, रेकॉर्डिंगवरून उतरवलेलं, तिचे "अरे" आणि "काय बाई" यांच्यासकट, तारीख, आणि खाली तिची सही. दुसऱ्यात थोरल्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय. टाइप करायला तो तयार होता पण मी अडवलं, अक्षर हाही ठेवाच, वडिलांच्या वहीतलं अक्षर बघून तिघं जसे हसले-रडले तसं यांच्या अक्षराकडे कुणीतरी बघेल. त्याने लिहिलंय, "मावशी म्हणते मी तेव्हा नव्हतो. असेल. पण आईने मला हे पान दाखवून सांगितलं होतं की डाग पडला तर काय करायचं. ते मला पक्कं आठवतंय." हे लिहून झाल्यावर तोच म्हणाला की बहुतेक आईने मला ही गोष्ट सांगितली आणि मी स्वतःला तिच्यात घातलं. ते वाक्य पुस्तकात नाही, त्याला नको होतं.

पत्रांचा प्रश्न नाजूक निघाला. एका पत्रात आईने पैशावरून झालेल्या घरच्या एका तंट्याबद्दल लिहिलंय, कडक भाषेत, आणि त्यातली दुसरी बाजू सांगायला आता कुणी नाही. धाकटी म्हणाली खरं आहे तर येऊ दे. मावशी म्हणाली ते तिने मला लिहिलं होतं, तुम्हाला नाही. मावशीचं बरोबर होतं असं मला वाटतं. पत्र फाडलं नाही, लपवलंही नाही, मूळ पेटीत वेगळ्या पाकिटात आहे, वर लिहिलंय कुणाचं कुणाला आणि पुस्तकात का नाही. स्कॅन एकाच ठिकाणी, ग्रुपवर टाकलेला नाही.

मुख्य पुस्तक पूर्ण झाल्यावर सगळी पानं स्कॅन करून आणखी दोन प्रती छापल्या, म्हणजे तिघांना तीन. सामाईक पानं सारखी, पण प्रत्येकाच्या प्रतीत शेवटचा भाग त्याचा स्वतःचा, हाताने लिहिलेला.

मूळ वस्तूंची वाटणी आश्चर्य वाटावं इतकी सहज झाली. टेबलक्लॉथ मधलीकडे, कारण तिच्याकडे कोरडी, थंड, भिंतीला ओल नसलेली जागा आहे, आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी. घड्याळ आणि भिंग थोरल्याकडे. वही, पत्रं आणि फोटो धाकटीकडे. विकायचं, कुणाला द्यायचं किंवा दुरुस्त करायचं झालं तर आधी बाकी दोघांना विचारायचं हे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिघांच्या सहीनिशी आहे. तिघांपैकी कुणालाही आता टेबलक्लॉथ आपल्याकडेच हवा असं वाटत नाही, ते पान तिघांच्याही घरात आहे. स्कॅनच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साठवणीवर, एक दुसऱ्या घरी, आणि दर वर्षी कुणीतरी उघडून फाइली खरंच उघडतायत का ते बघायचं. हे शेवटचं काम थोरल्याने घेतलंय.

बाकी काय राहिलं? एका फोटोत दुकानासमोर चार माणसं उभी आहेत, वडील सोडून तिघं कोण ते मावशीलाही सांगता आलं नाही. तो फोटो पुस्तकात रिकाम्या ओळींसकट घेतलाय, पेन्सिलने लिहायला जागा ठेवून, आणि नातेवाइकांना त्याची कॉपी फिरवणं चालू आहे. आणि त्या दोन कॅसेट. त्यांवर काय आहे कुणाला माहीत नाही. वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या तोडून ठेवल्यात म्हणजे चुकून वरून काही रेकॉर्ड होणार नाही, आणि घरच्या जुन्या प्लेअरमध्ये टाकायचा मोह तिघांनी आवरलाय, कारण बिघडलेला प्लेअर टेप ओढून खातो. आधी प्लेअर साफ आणि तपासून घ्यायचा, एक फालतू कॅसेट त्यात पूर्ण वाजवून बघायची, मग यांना हात लावायचा, आणि पहिल्याच वाजवण्यात कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं. त्या दिवशी मावशीला बोलावलंय.